नवतपा, चौथा दिवस

मोहननगरात दुपारी अडीचला
ऑड्री मिसच्या खोलीत पडदे ओले करून लावलेले.
रेल्वेच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला तिनं,
आता त्याच बोटानं पत्ते दाखवते:
हा डोंगर, ही बारीक नदी, ही तू.

माझ्या हाताला लागला सम्राट.
दगडी सिंहासन, हाताशी मेंढ्यांची डोकी,
लाल झग्याखालून डोकावणारे लोखंडी पाय.
चटका बसल्यासारखा मी तो पालथा टाकला.
असले पाहिलेत मी, मिस.
एकानं भरलं ताट भिंतीवर मारलं होतं,
तीन वेळा रंग दिला
तरी वरणाचा डाग वर येतो.

ती हसली नाही.
"बसला कसा आहे, बघ ना वं. हालला का जागेवरून?
ज्याले ताट फेका लागते थो कायचा राजा?
अन् हा कोणी दुसरा नोहे.
पत्ता तू काढला ना? तूच होय हा."

मी?
बेचाळीस किलोची,
वाचनालयात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावणारी,
भाजीवाल्याला सुट्टे देतानाही
'माफ करा हं' म्हणणारी?

"जा घरी," मिस म्हणाली. "कूलर सुरू कर आधी."
हे तिला पत्त्यात दिसलं
की माझ्या मानेवरच्या घामोळ्यांत, देव जाणे.

*

सत्तेचाळीसला टेकलेला पारा.
खिडकीत कोरडा कूलर.
दरवर्षी भाऊ यायचा, लावून द्यायचा.
यंदा त्याचं येणं एका कागदापाशी अडलेलं:
बेसा रोडचा प्लॉट, हक्कसोडपत्र,
ताई, नुसती सही.

पलंगाखालून बाबांची पेटी ओढली.
इतवारीत मोटारी वाइंडिंग करायचे ते.
झाकण उघडलं:
ग्रीस, तांबं, थोडी तंबाखू.

विसरलेच होते की.
पुरुष म्हटलं की मला ताटच आठवायचं.
हाही होता ना एक,
आईच्या शिलाई मशीनला न सांगता तेल देणारा,
माझा भांग तारेसारखा सरळ पाडणारा,
वायरला हात लावण्याआधी
तिच्याकडे नुसता बघत बसणारा.
"घाई नको करू बे," म्हणायचा.
पोरीला, बे.

प्लग काढला. पंप खोलला.
आत खसाचं तूस, चिखल, एक मेलेलं झुरळ.
पेचकस फिरवता फिरवता श्वास लांब होत गेला.
ध्यान म्हणतात ते हेच असेल
तर ते चौदा हजारांचं शिबिर मी उगाच केलं.

जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला.
कुठला, कळेना.
बटण दाबलं.
आधी नुसता घरघराट,
मग थेंब, मग खसाच्या जाळीवरून उतरणारी
एक बारीक नदी,
मिसनं बोट ठेवलं होतं तीच,
सिंहासनाच्या मागून जाणारी.

पेचकस पुसून देव्हाऱ्यात ठेवला.
खंडेनवमी चार महिने लांब.
तरी हळद लावली.
बाळकृष्णानं जरा सरकून जागा दिली
असं मला वाटलं.

*

संध्याकाळी भाऊ आला,
पेनाचं टोपण दारातच काढून.
तो आला की मी उठते. आज उठले नाही.
पाय फरशीवर सपाट, जड,
जणू आत कुणी लोखंड घातलंय.

"ठेवून जा," म्हटलं. "वाचते."

आवाज चढला नाही, कापलाही नाही.
त्यालाच ऐकू गेलं नसावं,
तो कूलरकडे बघत होता.
"कोणी लावला?"

उत्तर न देता पन्हं दिलं त्याला.
गूळ जास्तच पडला होता,
पण प्यायला बिचारा, सगळं.

कूलरच्या वाऱ्यानं
टीपॉयवरचा कागद फडफडायला लागला.
मी त्याच्यावर
तो उरलेला स्क्रू ठेवला.