कोणी कोणी पाहिलं

मंगळवारी ग्रंथालयात पुस्तकं कमी हलतात, म्हातारी माणसं जास्त.
हीउमा बेटाच्या या टोकाला डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो,
उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मी:
एक कॉम्प्युटर, कार्ड घालायची एक खाच,
आणि खिडकीकडे तोंड फिरवून उभं राहायची सवय.

पिन टाकताना मी बघत नाही.
बाहेर जुनिपरची झुडपं, त्यापलीकडे धक्का, करडं पाणी.
मागून विर्वेचा आवाज, "झालं. बघ आता."
चार आकडे. नवऱ्याच्या बोटीचा नंबर,
सगळ्या गावाला माहीत आहे.

विर्वेची तब्येत उघडते.
रक्तदाब. साखर. डाव्या गुडघ्याचा फोटो,
त्यात गुडघा कमी, धुकं जास्त.
थायरॉइडची गोळी: मुदत संपली.
ॲलर्जी: माहीत नाही.
"माहीत नाही कसं? दूध सोसत नाही मला, लिही."
तिथं आपल्याला लिहिता येत नाही, मी सांगते.
"मग यात माझं काय आहे?"

तेही खरंच.
कान कुठल्या हिवाळ्यात गेला,
गोठलेल्या समुद्रावरून गाडी नेताना
पोटातलं पहिलं कुठल्या मैलावर गेलं,
ते डॉक्टर लेपिकच्या खाकी फाइलीत,
आणि लेपिकचं अक्षर लावणारा एकटा लेपिकच होता.

मी पान खाली ओढते, जरा जास्तच.
उघडतो तो भाग, जो कोणी उघडत नाही:
तुमची माहिती कोणी कोणी पाहिली.
तारीख, वेळ, नाव.
डॉक्टर, मार्चमध्ये. प्रयोगशाळा. दाताचा डॉक्टर.
("दात सोडून त्याला काय बघायचं होतं?")
आणि चौदा नोव्हेंबर, पहाटे तीन दहा,
परिचारिका, तार्तू: त्रीनू वाहेर.
पुन्हा डिसेंबरात. जानेवारीत दोनदा.

मी खिडकीकडे वळते, पिन नसतानाही.

बाप पुरला त्या दिवसापासून अबोला.
बोट विकण्यावरून, म्हणजे बोटीवरून नव्हेच.
सहा वर्षं. नाताळचं कार्डसुद्धा नाही.

"चौदा नोव्हेंबर," विर्वे बोटांवर मोजते,
"धक्क्यावर घसरले होते मी त्या आठवड्यात.
कोणाला बोलले नव्हते."
आणि तिकडे रात्रपाळीत, वॉर्ड झोपलेला असताना
कोणीतरी तिचा गुडघा उघडून बसलं होतं.

नियम भिंतीवर लावलेला आहे, मीच लावलाय.
उपचाराशी संबंध नसताना पाहणं गुन्हा.
तक्रार करता येते. चौकशी बसते, नोकरीही जाते कधी.
मला सांगायलाच हवं. सांगते.
आवाज सरकारी येतो.

विर्वे चष्मा पुसते, बाहीनं, मग माझ्या पडद्यानं.
"तिला दिसतं काय काय?"
सगळं.
"साखर?"
साखर.
"गोळी वेळेवर आणत नाही ते?"
तेही.
"मेली," ती म्हणते.
इतका मऊ हा शब्द मी याआधी ऐकला नव्हता.

मग विचारते, बघायची परवानगी देता येते का एखादीला.
येते. मुलीचा अकरा आकडी क्रमांक लागतो.
एक आकडा बाईपणाचा आणि शतकाचा, मग सहा जन्मतारखेचे,
एवढे तर आईला येणारच.
शेवटचे चार तिनं कुठून आणले, मी विचारलं नाही.

यानं मागचं माफ होत नाही बरं का, मी म्हणते.
"मागचं कोणी काढलंय?"

सहीला दुसरा पिन, पाच आकडी.
हा गावाला माहीत नाही.
मी धक्का बघत उभी राहते. बोट लागते, चार गाड्या उतरतात,
पाचवी अडते, सुटते.
मागे एकेक बटण, मध्ये खूप वेळ.

"तिला कळेल?"
कळेल. निरोप जातो.
"मग गोळीचंही आत्ताच करून टाक," विर्वे म्हणते,
"नाहीतर ओरडेल."