करू शकतो

पोर्तो शहरातल्या पंचाहत्तर घरांचे पियानो
बेल्मिरु लावतो.
अकरा वर्षं प्रत्येक घराची नोंद
फोनमधल्या एकाच वहीत:

तिसरा मजला. नदीच्या दमट हवेनं
वरच्या सप्तकातली 'फा'ची पट्टी फुगते.
किल्ली शेजारणीकडे.
बाई आता फक्त डाव्या हातानं वाजवतात. विचारू नये.

डॉक्टर, फोश. मुलगा गेल्यापासून
झाकण कुणी उघडत नाही,
तरी दर मार्चला बोलावतात.
लावावा, झाकावा, निघून यावं.

अशा गोष्टी माणूस पोटात ठेवतो.
याचं पोट लहान, म्हणून फोनमध्ये ठेवल्या.

आज सकाळी कॉफी निवायच्या आत
पडद्यावर पाटी: आमचं धोरण बदललं आहे.
खाली निळं बटण, 'मान्य'.
'अमान्य' नाही. 'नंतर' आहे, करड्या रंगात,
तेही तीनदाच.

त्यानं वाचलं. सगळं.
हत्यारांची पिशवी मांडीवर, अंगठ्यानं पानं ढकलत,
बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत
आणि तिथून उलटा परत.
सातव्या कलमात पूर्वी 'करणार नाही' होतं.
पक्कं आठवतं, कारण तेव्हा वाचून बरं वाटलं होतं.
आता तिथं 'करू शकतो' आहे
आणि त्याच्या आधी:
तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून.

त्याचा अनुभव असा
की तार तुटली तर घरभर कळतं.
पण तुटते कुठं ती? रोज केसभर उतरते,
घरातल्यांचे कानही तिच्याबरोबर उतरतात.
दोन वर्षांनी सांगावं, बेसूर झालाय हो,
तर म्हणतात, छे, हा असाच वाजतो.

मदतीच्या खिडकीत त्यानं विचारलं,
त्या डाव्या हाताबद्दल कोण कोण वाचणार?
उत्तर लगेच आलं, साखरेत घोळलेलं:
तुमची गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे.
मोल किती, ते लिहिलं नव्हतं.

मग रेघांची जाड वही आणली,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन रात्री बसला.
नोंदी उतरवून घ्यायच्या तर आधी उघडायला हव्यात,
उघडायच्या तर 'मान्य' दाबायला हवं.
दाबलं.

ओदेत भांडी पुसता पुसता म्हणाली,
तू इथं लिहिलंस म्हणून
तिकडचं पुसलं जाणार आहे का?
नाही, तो म्हणाला,
आणि पेनाचं टोपण शोधत राहिला,
जे त्याच्याच कानामागं होतं.

फोशच्या डॉक्टरांचं पान आलं तेव्हा
त्यानं पत्ता लिहिला, तारांची जाडी लिहिली,
'मार्च' लिहिलं,
आणि मुलाची ओळ गाळली.
तेवढी एक मावेल पोटात.

शेजारी फोन चार्ज होत होता.
त्याच्यात ती आहेच.