गळपट्टीचा रंग

वॉटर्लूचं सगळं सापडतं.
फ्रेंच शिपायाच्या कोटाला किती बटणं,
कुठल्या तुकडीचा गोंडा हिरवा, कुठल्या पिवळा,
त्या सकाळी चिखल किती वाळला होता,
तिकडच्यांनी मोजून ठेवलंय.

मी सदरमध्ये कवळ्या करतो.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की
अठ्ठावीस मिलिमीटरचा सार्जंट चिमट्यात धरून
ट्रिपल झिरो ब्रशनं त्याला मिशी काढतो.
सहा वर्षं नेपोलियन माझ्या टेबलावर हरत आला,
तीनदा जिंकलाही.

मग कामठीचा मुदलियार म्हणाला,
"काऊन बे, बर्डीची टेकडी काय परदेशात आहे?"

नाही. दुकानापासून सायकलनं बारा मिनिटं.
अठराशे सतरा, नोव्हेंबर;
वॉटर्लूला जेमतेम अडीच वर्षं झालेली.
वर मद्रासी पलटण, खाली भोसल्यांचे अरब.
आणि पलटणीच्या गळपट्टीचा रंग?
एक यादी म्हणते हिरवा, दुसरी बदामी,
तिसरीत नेमकं ते पान वाळवी जेवून गेलेली.
खालच्यांचं तर एका शब्दात भागवलंय: जमाव.
जमावाला बटणं नसतात.

सव्वीस जानेवारीला किल्ला उघडतात.
शाळेच्या पोरांमागे मी रांगेत, खिशात टेप.
झेंडावंदन झाल्यावर
उतार मोजत होतो, इंचाला वीस पावलं.
जवान म्हणाला, काका, काय हरवलं?
म्हटलं, रंग.

गोळीबार चौकात पुंडलिक नंदनवार.
माग विकला, मागाचा खड्डा राहिला,
त्यात आता गव्हाची कोठी.
त्यांनी माझं चित्र डोळ्यांशी नेलं.
"हा लाल आलाचा नाही जी.
आन् कोणताबी असो, उन्हात विटतेच.
हे तं नवरदेवावानी दिसून राह्यलं.
लढाईले कोणी नवा कपडा घालते का?"
त्या रात्री मी सगळे कोट
चहाच्या पाण्यानं मळवले.

मुदलियारला उशिरा आठवलं, दुसऱ्या चहानंतर.
आजी सांगायची, कोणी एक पूर्वज पलटणीत होता.
याच टेकडीवर की दुसऱ्या, ठाऊक नाही.
नावही नाही.
एवढंच, की सरकारी जोडे त्याला कधी झाले नाहीत;
गाठ मारून गळ्यात अडकवायचा
आणि अनवाणी चढायचा.

हे कुठल्याच यादीत नाही,
म्हणजे पुरावा नाही.
मी पुरावा मानणारा माणूस;
एका बटणावरून एका मास्तरशी
चार वर्षं अबोला धरलाय.

रात्री अकराला हँडपीस सुरू केला,
कवळी घासायची तीच बारीक बर,
आणि एकाच्या पायातला शिशाचा बूट खरवडला.
बोटं काढायला जागाच नव्हती. टाच जमली.
मग दुसरा.
बत्तीस होते, पुरी बत्तीशी.
पहाटे दूधवाला आला तेव्हा
टेबलावर राखाडी भुगा, आणि माझ्या नाकात.

रविवारी खेळ. फासे मुदलियारच्या बाजूनं,
टेकडी त्याचीच राहिली.
तिसऱ्या चालीला त्याचं लक्ष पायांकडे गेलं.
बोलला काही नाही.
मोजपट्टी लावता लावता
कडेच्या एकाला दोन बोटांनी उचललं
आणि जिथे खडे चिकटवले नव्हते
तिथे हळूच ठेवलं.

नियमात बसत नव्हतं.
मी चाल धरली.

गळपट्ट्या अजून कोऱ्याच आहेत.