गाठ

मंगळवारी मानेवरचे केस भादरून
दोन सुया टोचल्या: वर पक्ष्यांची, खाली गाईची.
आज शुक्रवार. हॅदरलीपुढे एन्डाकॉटच्या गोठ्यात
साठ जनावरांची वाफ.

कातडी चिमटीत धरून मी आकडे सांगते,
त्याची मुलगी लिहिते.
सात, सात. आठ, सात.
एकशेबारापाशी बोटांना आधी कळतं,
कॅलिपरला नंतर.
खालची, सुपारीएवढी.

एन्डाकॉट टोपी काढतो, परत घालतो.
"ही डॅमसन," मुलगी म्हणते.
फॉर्मवर नावाचा रकाना नसतो.

दिसत नाही, घाईही नाही त्याला;
दिवसभरात कसाबसा एकाचे दोन होणारा जंतू,
बॅजरच्या मुतातून गवतावर, गवतावरून इथवर,
आणि कच्च्या दुधातून माणसात, कधीकधी.

बूट धुताना बाही वर सरकते.
दंडावर वाटोळा व्रण, फलटणच्या दवाखान्यातला;
मी दीड महिन्याची.
लशीतला तोही गाईचाच, याच कुळातला,
बटाट्याच्या कापांवर तेरा वर्षं वाढवून
निवलेला.

"दुखलं होतं?" मुलगी विचारते.
आठवत नाही.
सोमवारी गाडी येईल, एवढं सांगायचं राहिलंय.
फाटकावरून मान लांबवून
डॅमसन चाटतेय माझी ओली बाही,
मीठ असावं.