प्रश्न चौथा, गुण दहा

‘नायिकेच्या शोकांतास तिचे कुटुंब कितपत जबाबदार आहे?
सोदाहरण चर्चा करा.’

मे महिना. विद्यापीठाच्या हॉलमध्ये
पंखा गरम वारा नुसता इकडचा तिकडे ढकलतोय.
एकोणचाळीस पेपर झाले.
एकोणचाळीस जणांनी लिहिलंय: नियती.
गाइडात तेच आहे, पान बावन्न,
शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

चाळिसावा. निळी शाई, अक्षर डावीकडे कललेलं.
‘बाप दुष्ट नाही,’ लिहिते ही मुलगी,
‘पहिल्या अंकात तो तिच्या पायातला काटा स्वतः काढतो.
सोयरिकीबद्दल तो सगळ्यांना विचारतो,
पुरोहिताला, भावाला, मोतद्दारालासुद्धा.
तिला विचारत नाही, कारण तिचं उत्तर
आपल्याला माहीत आहे असं त्याला मनापासून वाटतं.’

आणि खाली:
‘आई तिसऱ्या अंकात एकच वाक्य बोलते, दिवे लावा.
बाहेर अजून ऊन आहे.’

बत्तीस वर्षं हे नाटक शिकवते मी.
ते ऊन मला दिसलं नव्हतं.

कदम सर चहा सरकवतात,
‘काय मॅडम, अडकला काय पेपर?’
‘नाही ओ, अक्षर लागंना,’ म्हणते मी.

‘धाकटी बहीण एकूण सात वेळा रंगमंचावर येते.
तिला एकही वाक्य नाही.
टीकाकारांनी तिची दखल घेतलेली नाही.
पण चिठ्ठी तुळईच्या खाचेत आहे
हे घरात फक्त तिलाच माहीत होतं.
मग बापाला कुणी सांगितलं?’

प्रश्नचिन्ह गिरवलंय, कागद फाटेस्तोवर.

शाहूपुरीत आमची गुळाची अडत.
मालूताई एकोणीस, मी अकरा.
तो सुभाषनगरचा. हाताला कमावलेल्या कातड्याचा वास,
आणि आण्णांच्या पायात कर्रकर्र वाजणारी पायताणं
त्याच्याच बापानं शिवलेली.
नाटककाराला हे सुचलं असतं
तर जरा जास्तच होतंय म्हणून खोडलं असतं त्यानं.

त्या संध्याकाळी आण्णा मला गंगावेशीत घेऊन गेले.
म्हैस समोर उभी, धारोष्ण दूध,
पेल्याच्या वर चार बोटं फेस.
‘पी,’ म्हणाले. मग हळूच, अगदी मायेनं,
‘ताई कुठं जाती गं रोज? रंकाळ्यावर?’

मला आधी ओठांवरचा फेस पुसायचा होता.
मी आधी उत्तर दिलं.

घरी आईनं भाकरी नेहमीएवढ्याच थापल्या.
तेवढंच तिचं बोलणं.

ताई मेली नाही.
नवव्या दिवशी निपाणीला दिली, तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे.
मेली नाही, म्हणून व्याख्येत बसत नाही.
दर उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी पाठवते,
बरणीवर माझं नाव, तिच्या अक्षरात.
फोनवर सुनेचं बोलते, गुडघ्यांचं बोलते.
त्याचं पुढं काय झालं
हे आमच्यात कुणी कुणाला विचारलेलं नाही.
आण्णांनी मात्र पायताणं बदलली. दुकानही.

आदर्श उत्तरपत्रिकेत धाकट्या बहिणीला गुण नाहीत.
सूचना स्पष्ट आहे: बाप चार, आई दोन, नियती चार.
मी लाल पेन उघडते, बंद करते.
कदम सर घड्याळ बघतात.

नऊ देते.
समासात शेऱ्यासाठी जागा असते,
तिथं आजवर ‘छान’ पलीकडं गेले नाही.
आज लिहायला घेते, ‘ती अकरा वर्षांची’
आणि मग बघते,
पान उलटल्यावर एक ओळ राहिलीय,
घंटा होता होता लिहिलेली, वाकडी:
‘ती लहान होती हे खरं. पण तिला माहीत होतं.’

माझा शेरा मी खोडते. शाई ओली आहे,
बोटाला लागते.

एक्केचाळिसावा.
नियती.