लाल शाईचा पेन

पहाटेचा बेडका चांगला.
रात्रभर छातीत साठलेला, घट्ट.
नुसती थुंकी आणू नका, हे मी बावीस वर्षं सांगतेय
चोपड्याच्या दवाखान्यात, सात नंबरच्या खोलीत,
जिथला पंखा मे महिन्यात ऊनच ढवळत बसतो
आणि खिडकीतून केळीच्या ट्रकांचे हॉर्न येतात.

काडीने काचेवर पसरायचं, इतकं पातळ
की खालच्या वर्तमानपत्राचं अक्षर धूसर दिसावं.
मग लाल रंग. खालून ज्योत.
वाफ यावी, उकळी येऊ नये.
मग आम्ल. सगळ्यांचा रंग उतरतो,
लाळेचा, पेशींचा, सटरफटर जंतूंचा.
तुझा उतरत नाही,
मेण अंगावर घेऊनच जन्मतोस तू.
शेवटी निळं. तेलाचा थेंब.

आणि दिसतोस:
निळ्या रानात कुणी टाकून दिलेल्या
दोन-तीन लाल काड्या, किंचित वाकलेल्या.
नांगी नाही, दात नाही.
घाईही नाही. हगवणीचे जंतू घटकेत दुप्पट होतात,
तुला एकाचे दोन व्हायला जवळजवळ अख्खा दिवस.

जिनातला दगा कोळी म्हणाला होता,
"माले बी दखाड ना व बेन."
एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं त्याने.
"हाऊ एवढासा?
आन् मनाघाई गठाण उचलाये नही!"
हसला, मग खोकला, मग
तोंडावरचा रुमाल घट्ट धरून उभा राहिला.
तो बरा झाला. दिवाळीला सरकीची पिशवी देऊन गेला,
माझ्याकडे म्हैस नाही हे त्याला कोण सांगणार.

वैजापूरची झिंगीबाई चौथ्या महिन्यात यायची थांबली.
तिच्या पाड्यावर गेले तेव्हा
गोळ्यांचं पाकीट छपराच्या बांबूत खोचलेलं होतं,
अर्धं भरलेलं.

आज ही काच माझी आहे.
शिपायाला कळू नये म्हणून
नाव घातलं नाही, नुसता आकडा.
वीस दिवस धुळीचा खोकला म्हणत होते,
कापसाचा म्हणत होते, वयाचा म्हणत होते.

शंभर घरं बघायची असतात, नियम आहे.
चाळीसपर्यंत निळं, निळं,
नुसतं निळं,
एक्केचाळिसाव्यात तू.

एकटाच. मी भिंग पुढे सरकवलं नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं
की तूही खालून डोळा लावला आहेस.
पण तुला डोळा नाही. तुला माझं नाव माहीत नाही,
दगाचंही नव्हतं. ऊब हवी, थोडी हवा हवी,
तेवढ्यावर राहतोस.

"सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही,
घरच्यांनाही तपासायला घेऊन या":
हे वाक्य तोंडपाठ आहे.
आत्ता म्हणून बघितलं तर "घरच्यांना"पाशी अडलं.

उरलेली एकोणसाठ घरं मोजली.
मग रजिस्टर ओढलं.
पॉझिटिव्ह लाल शाईने लिहायचं असतं.
पेन उठेना. तळहातावर दोन रेघा ओढल्या,
वाकड्या, बारीक,
आणि मग आकडा खोडून
नाव लिहिलं.