डाग

सरकारी वकील म्हणतात, साखळी पूर्ण आहे,
एकही कडी निसटलेली नाही.
ते हिंदीत म्हणतात, मी मनात मराठीत मोजतो.
माडीची किल्ली माझ्याकडे.
त्या रात्री सव्वानऊपर्यंत माझ्या पाटावर दिवा.
दुसऱ्या दिवशी ताप, म्हणून मी घरी.
आणि रामबागेतल्या खोलीत, काड्यापेटीत, कापसावर
सोन्याचा एक मणी:
पाच ग्रॅम दोनशे मिली.
हरवलेली साखळी सात तोळ्यांची.
उरलेलं विकलं असणार, असं लिहिलंय.

सत्तावीस वर्षं मी साखळ्याच जोडल्या.
इंदूरच्या सराफ्यात, कोठारी सेठच्या माडीवर,
ओठांत फुंकणी, बोटांवर टाकणखार.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
कापल्याशिवाय कडी कडीत जात नाही.
अख्खी दिसते तिलाही कुठेतरी फट असते.
ती बुजवतो तो डाग.
आणि डागाचं सोनं अस्सल चालत नाही, साहेब,
त्यात मुद्दाम खोट घालावी लागते,
नाहीतर ते कडीच्या आधी वितळत नाही.

हे कुणी विचारलं नाही.
विचारलं, किल्ली तुझ्याकडे होती का.
होती.

आमच्यात दागिन्यालाही डागच म्हणतात.
शरयूच्या आजारपणात एकेक डाग गेला,
शेवटी उरल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या.
चार वर्षं डब्यात होत्या.
मुलीला देवासला नोकरी लागली, तेव्हा म्हणाली,
आईचं काहीतरी कानात घालून जाईन.

तर त्या रात्री सगळे उतरून गेल्यावर
मी दोन्ही वाट्या मुशीत ठेवल्या.
सेठची ज्योत वापरली, न विचारता.
ही चोरी लिहून घ्या, हिला साक्षीदार मी.
आधी कडा लालसर झाल्या,
मग दोघी जराशा थरथरल्या
आणि एकमेकींत गेल्या.
माहेरची कुठली, सासरची कुठली,
आता शरयूलाही सांगता येणार नाही.
वितळलेल्या सोन्याला तोंड नसतं
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक,
आणि हेच माझ्याविरुद्ध.

निगम वकील फुकट लढतात, थकलेले असतात.
वाट्यांचा फोटो आहे का, विचारतात.
आहे, लग्नातला.
शरयू मान खाली घालून उभी,
वाट्या हाराखाली.

जामिनावर सुटलो त्या संध्याकाळी उगाच सराफ्यात गेलो.
दुकानं मिटत होती, त्याच ओट्यांवर
कढया चढत होत्या, गराडू तळायला लागला होता.
सेठनी मला पाहिलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
यासीनचाचा जिन्याशी धुळीची पिशवी बांधत होते.
आमची झाडलेली धूळ ते विकत घेतात,
धुतात, गाळतात, कणाकणानं सोनं काढतात.
म्हणाले, नव्या पोराची धूळ हलकी निघते.
तुझ्या पाटाखालची बारा वर्षांत
एकदाही हलकी नाही निघाली.

आमच्या धंद्यात याहून मोठं प्रमाणपत्र नाही.
ज्याला चोरायचं असतं तो आधी स्वतःची धूळ चोरतो.
निगमना धावत जाऊन सांगितलं.
त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.
म्हणाले, याला नका उभं करू.
समोरचा विचारेल, म्हणजे याच्या पाटाखाली
बारा वर्षं सेठचं सोनं सांडत होतं तर?

पुढची पेशी अठराला.
मणी मुद्देमालात आहे, लाखेच्या सीलखाली.
मुलगी पहाटेच्या बसनं देवासला जाते,
कानांत केरसुणीच्या काड्या घालून,
भोकं बुजू नयेत म्हणून.